चष्मा लावून पारंपरिक तिरंदाजी: अँकर हलवावा, फ्रेम बदलावी की लेन्स लावाव्यात?

धनुष्य पूर्ण ताणलेलं असताना आपण लक्ष्याकडे काचेच्या कुठल्या भागातून बघतो, हे फार कमी जण तपासतात. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याची मान डाव्या खांद्याकडे वळलेली असते, कपाळ किंचित पुढे झुकलेलं असतं. त्यामुळे उजवा डोळा काचेच्या मध्यातून बघतच नाही. तो बघतो नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यातून. चष्मा बनवताना मात्र माणूस सरळ समोर बघतोय असं धरून काचेचं केंद्र बाहुलीसमोर आणलेलं असतं. लक्ष्यावर फ्रेमची कड येणं, नाकावरचा ब्रिज आड येणं, ऐन वेळी कडेला पुसट दिसणं या बहुतेक तक्रारी इथूनच सुरू होतात. दुसरी तक्रार दोरीची: ती खालच्या कडेला टेकते किंवा सुटताना फ्रेमला फटका देते, आणि मग बाण कुठे जाईल याचा भरवसा राहत नाही.

साइट (नेम धरायचं उपकरण) नसलेल्या धनुष्यांवर, म्हणजे बेअरबो रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं), लाँगबो (लांब, साध्या वाकाचं) आणि आखूड हॉर्सबोवर (घोडेस्वारांच्या धनुष्यावर), हा प्रश्न जास्त जाणवतो, कारण इथे चेहरा, दोरी आणि नजर यांचं नातं हीच नेमाची सगळी यंत्रणा असते. डावखुऱ्यांनी पुढचं सगळं उजवं-डावं उलटून वाचावं.

आहे तोच चष्मा, फक्त तंत्रात बदल

हा बिनखर्चाचा मार्ग आहे आणि सुरुवात इथूनच करावी. सगळ्यात मोठा फरक पडतो तो चेहरा लक्ष्याकडे पूर्ण वळवल्याने. बऱ्याच जणांची मान अर्धीच वळते आणि उरलेलं काम बुबुळं तिरकी करून भागवलं जातं. मग ब्रिज आड येणारच. मान आखडलेली असेल तर पुढचा पाय थोडा पाठीच्या बाजूला घेऊन, पंजा लक्ष्याकडे फिरवून उभं राहावं. अशा उघड्या स्टान्समध्ये मान सहज वळते. पाय फार उघडले तर मात्र खांदेही सोबत फिरतात आणि पाठीने धरलेला ताण सुटतो. डोकं मागे टाकून किंवा हनुवटी वर करून फ्रेमच्या वाटेतून सुटका करून घेऊ नये. तशी मुद्रा दोन बाणांत सारखी राहत नाही.

पुढचा प्रश्न अँकरचा, म्हणजे पूर्ण ताणल्यावर दोरीचा हात चेहऱ्यावर जिथे दर वेळी टेकवायचा त्या जागेचा. गालाच्या हाडाजवळचा उंच अँकर बाण डोळ्याजवळ आणतो, त्यामुळे जवळच्या अंतरावर बाणाचं टोक आणि लक्ष्य यांच्यातली फट लहान राहते. बेअरबोवाल्यांना आणि तीन बोटं नॉकखाली (बाणाच्या शेपटीच्या खाचेखाली) धरणाऱ्यांना तो म्हणून आवडतो. पण त्यात हात आणि दोरी दोन्ही चष्म्याच्या खालच्या कडेला भिडतात. ओठाच्या कोपऱ्यावरच्या अँकरला थोडी जागा मिळते. हनुवटीखालचा अँकर चष्म्यापासून सगळ्यात दूर, पण बाण डोळ्याच्या बराच खाली जातो आणि १०-१५ मीटरवर नेम बराच खाली धरावा लागतो. माझं मत स्पष्ट आहे: केवळ चष्म्यासाठी बसलेला अँकर मोडू नये. अँकर पक्का व्हायला फार काळ लागतो, फ्रेम बदलता येते. नुकतीच सुरुवात केली असेल आणि अँकर अजून ठरलाच नसेल, तर ओठाच्या कोपऱ्याचा धरावा.

धनुष्याच्या लांबीचाही इथे संबंध आहे, आणि तो अनेकांच्या अपेक्षेच्या उलट आहे. पूर्ण ताणल्यावर लांब धनुष्याची दोरी नॉकपासून वर जाताना जास्त उभी राहते, म्हणजे नाकाशी आणि फ्रेमशी सलगी करते. आखूड धनुष्याची दोरी लगेच पुढे झुकते आणि चष्मा मोकळा राहतो. अर्थात आखूड धनुष्यावर तोच तीव्र कोन तीन बोटांना चिमटा काढतो, म्हणून तिथे अंगठ्याने ओढण्याची पद्धत सोयीची पडते. अंगठ्याच्या पद्धतीत दोरी गालाच्या बाहेरून जबड्यापर्यंत किंवा कानामागे जाते. तिथे खालच्या कडेऐवजी धोका असतो तो बिजागरी आणि काडीला. जपानी क्युदोमध्ये सुमारे २.२ मीटर लांबीचं धनुष्य कानामागे ताणतात; त्या प्रकारात जाड काडीचा, कडेला फुगलेला चष्मा टाळलेलाच बरा.

धनुष्य तिरकं धरण्याचा, म्हणजे कँटचा, परिणाम चेहऱ्यागणिक बदलतो. कुणाची फ्रेम मोकळी होते, तर कुणाच्या बाबतीत डोकंही सोबत कलल्याने नजर काचेच्या आणखी वाईट भागात जाते. करून बघावं, पण त्यावर भिस्त ठेवू नये.

तिरंदाजीसाठी वेगळा चष्मा

मला बहुतेकांसाठी हाच पर्याय सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, म्हणून याबद्दल सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट आकार. मोठी काच म्हणजे मोकळी नजर, हा समज अर्धाच खरा आहे. काच वरच्या बाजूला आणि नाकाकडे मोठी हवी, खालच्या बाजूला मात्र लहान. पायलट पद्धतीची, गालावर उतरणारी फ्रेम वरून छान दिसते, पण दोरी नेमकी तिच्या खालच्या कडेवर येते. बारीक धातूची किंवा बिनकडेची फ्रेम, अरुंद ब्रिज, आणि हलवता येणारे नाकावरचे पॅड असं बघावं. पॅड जवळ आणले की चष्मा नाकावर वर चढतो. डोळा काचेच्या मध्याजवळून बघू लागतो आणि खालची कडही दोरीपासून दूर जाते. साचातच घडवलेल्या प्लास्टिकच्या फ्रेमना ही सोय नसते. नेहमीच्या चष्म्यालाच असे पॅड असतील तर नवा घेण्याआधी चष्मेवाल्याकडून ते नीट करून घ्यावेत. अनेकांचं काम तेवढ्यावर भागतं.

दुसरी गोष्ट काचेचा प्रकार. चाळिशीनंतर अनेकांच्या डोळ्यांवर प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल (एकाच काचेत दूरचा आणि जवळचा नंबर) असतो. प्रोग्रेसिव्हमध्ये दूरचं वरच्या भागातून स्वच्छ दिसतं, पण कडेला, विशेषतः मध्याच्या खाली, चित्र वाकतं. मान कमी-जास्त वळली की कधी स्वच्छ भाग, कधी वाकलेला. तिरंदाजीच्या चष्म्यात फक्त दूरच्या नंबरची काच घ्यावी. बाणाचं टोक थोडं पुसट दिसेल. ते चालतं, कारण या प्रकारात नजर लक्ष्यावरच्या बारीक ठिपक्यावर खिळलेली हवी. बाणाची नॉक दोरीवर चढवायला जवळचं स्वच्छ दिसण्याची गरज नसते. बोटांना ते कळतं. गुणांची नोंद वाचण्यापुरता वाचायचा चष्मा खिशात असला की झालं.

तिसरी गोष्ट नंबर जास्त असणाऱ्यांसाठी. काचेच्या केंद्रापासून जितकं दूर बघाल तितकी ती काच प्रिझमसारखी प्रकाश वळवते. हिशोब सोपा आहे: नंबर गुणिले केंद्रापासूनचं सेंटिमीटरमधलं अंतर म्हणजे प्रिझम, आणि १ प्रिझम म्हणजे १ मीटरवर १ सेंटिमीटर सरकलेलं चित्र. मायनस ४ नंबरच्या काचेतून १ सेंटिमीटर बाजूने बघितलं तर २० मीटरवरचं लक्ष्य ८० सेंटिमीटर सरकलेलं दिसतं. आकडा दचकवणारा आहे, पण बाणाच्या टोकावरून नेम धरणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. टोक आणि लक्ष्य काचेच्या जवळजवळ एकाच जागेतून दिसतात, दोन्ही सारखीच सरकतात आणि नेम जुळतो. शरीराच्या अंदाजाने, टोकाकडे न बघता मारणाऱ्याचं तसं नाही. त्याचं शरीर ही सरक आपल्या हिशोबात धरून शिकतं, आणि ती कायम राहिली तर काही बिघडत नाही. बिघडतं ते घामाने चष्मा घसरला की. तोच मायनस ४ चा चष्मा २ मिलिमीटर खाली आला तरी २० मीटरवर १६ सेंटिमीटरचा फरक दिसतो. म्हणून कानामागून घट्ट बसणाऱ्या काड्या किंवा डोक्यामागचा पट्टा ही चैन नव्हे, गरज आहे.

दोन डोळ्यांच्या नंबरात बराच फरक असेल तर ही सरक दोन्ही डोळ्यांत वेगवेगळी होते. अशा माणसाला दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरताना चित्र फाटल्यासारखं वाटू शकतं. त्याच्यासाठी चष्म्यापेक्षा लेन्स सरस.

काच काचेचीच असेल तर ती मैदानावर नेऊ नये. पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स या प्लास्टिकची काच धक्क्याला जास्त टिकते. तडा गेलेला कार्बनचा बाण सुटताना फुटू शकतो, लाकडी बाणही मोडतो. चष्मा डोळ्यांवर असण्याचा हा फायदा लेन्सवाल्यांना मिळत नाही.

माप देताना चष्मेवाल्याला मुद्रा दाखवा. धनुष्य न्यायची गरज नाही. रबरी पट्टा ताणून अँकर घ्या, नजर दूरच्या एका बिंदूवर ठेवा, आणि फ्रेममधल्या नमुना काचेवर बाहुली नेमकी कुठे येते तिथे खूण करायला सांगा. हाच चष्मा दिवसभर वापरायचा नसेल तर काचेचं केंद्र त्या खुणेकडे सरकवता येतं का, हे त्यांना विचारावं. गाडी चालवायला मात्र असा चष्मा वापरू नये.

कॉन्टॅक्ट लेन्स

नजरेच्या बाबतीत लेन्स सरळ जिंकते. ती डोळ्यासोबत फिरते, त्यामुळे कोपरा, कड, ब्रिज, प्रिझम सगळं एकदम संपतं. मायनस नंबरवाल्याला लक्ष्य चष्म्यापेक्षा थोडं मोठंही दिसतं, कारण मायनसचा चष्मा चित्र लहान करतो. अँकर हवा तिथे घ्या, दोरी हवी तशी जाऊ द्या. घोड्यावरून किंवा जंगलातल्या चढ-उतारांवर बाण मारणाऱ्याला दुसरा पर्याय सुचवावासाच वाटत नाही.

तरीही सगळ्यांनी लेन्स घ्यावी असं मी म्हणणार नाही. नेम धरताना पापण्या कमी मिटतात, वर मैदानावर वारा आणि धूळ असते. लेन्स कोरडी पडते आणि शेवटच्या फेरीत डोळे चुरचुरायला लागतात. सिलिंडरच्या लेन्सला डोळ्यात ठराविक दिशेनेच बसावं लागतं, ती फिरली की काही क्षण पुसट दिसतं. चाळिशीनंतर काहींना एका डोळ्याला दूरची आणि दुसऱ्याला जवळची लेन्स देतात. खोलीचा अंदाज घेऊन बाण मारणाऱ्यासाठी ती जोडी गैरसोयीची. तिरंदाजीला दोन्ही डोळ्यांना दूरचाच नंबर हवा. आणि मातीच्या हातांनी लेन्स डोळ्यात घालणं-काढणं हा संसर्गाला दिलेला रस्ता आहे. हात धुवायला पाणी नसेल अशा ठिकाणी चष्माच बरा.

एक गोष्ट ठामपणे सांगतो: एक दिवस चष्मा, एक दिवस लेन्स असं करू नका. अंदाजाने मारणाऱ्याच्या शरीराला दोन वेगळी जगं शिकावी लागतात. सरावाला जे, तेच स्पर्धेला.

बाकीचे मार्ग

नेमबाजांचा खास चष्मा, ज्यात एकच गोल काच हव्या त्या कोनात फिरवता येते, तो साइट वापरणाऱ्यांच्या कामाचा आहे. पारंपरिक धनुष्यावर त्या काचेची आणि तिच्या दांड्याची जागा नेमकी दोरीच्या वाटेत येऊ शकते, शिवाय दोन्ही डोळ्यांनी बघण्याचा फायदा हातचा जातो. स्पर्धेत उतरणार असाल तर वर्ल्ड आर्चरीचा (तिरंदाजीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा) नियम ध्यानात ठेवा: साधा चष्मा, शूटिंगचा चष्मा, गॉगल चालतो, सूक्ष्म छिद्राची काच किंवा नेमाला मदत करणारी कोणतीही खूण चालत नाही, आणि दुसऱ्या डोळ्यासमोरची काच झाकायची तर ती पूर्णच झाकावी लागते.

चष्मा काढून मारणं मला पटत नाही. मायनस १.२५ नंबरवाल्याला साधारण ८० सेंटिमीटरपलीकडचं सगळं पुसट दिसतं. म्हणजे बाणाचं टोक लखलखीत आणि लक्ष्य धूसर, जे हवं त्याच्या नेमकं उलट. लक्ष्याच्या मागे माणूस उभा आहे का हे नीट दिसत नसेल तर बाण सोडूच नये. नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया हा डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलून आयुष्यासाठी करायचा निर्णय आहे. नुसत्या तिरंदाजीसाठी तिचा विचार करणाऱ्याने निदान एवढं विचारावं की नंतर डोळे किती काळ कोरडे राहू शकतात.

पैसे खर्च करण्याआधी

ताणायला हलकं धनुष्य घ्या आणि दोरीच्या चेहऱ्याजवळच्या भागाला रंगीत खडूची भुकटी चोळा. नेहमीच्या चष्म्यासकट पूर्ण ताणा, अँकर घ्या आणि बाण न सोडता सावकाश परत आणा. बाणाशिवाय दोरी सोडायची नाही, धनुष्य फुटू शकतं. फ्रेमवर खालच्या कडेला रंग लागला असेल तर आधी पॅड, मग कमी उंचीची काच. ब्रिजच्या बाजूला लागला असेल तर आधी मान. रंग कुठेच नाही, पण लक्ष्य कडेत सापडतंय, तर दोष दोरीचा नाही. नवी फ्रेम किंवा लेन्स असं ठरवायला हरकत नाही. नवा नंबर किंवा लेन्स घेतल्यावर दोन्ही हातांच्या पंजांमध्ये छोटी खिडकी करून प्रबळ डोळा (नेम धरताना मेंदू ज्याच्यावर जास्त विसंबतो तो) पुन्हा तपासा. एका डोळ्याची नजर सुधारल्याने तो बदललेला असू शकतो. त्यानंतरचे पहिले काही दिवस ५-७ मीटरवर, मोठ्या लक्ष्यावर मारा. अंतर वाढवायची घाई करू नका.