ठासणीच्या बंदुकीला ‘बिनपाण्याचं’ औषध: नाशिककरांनो, सावध राहा

पीक संरक्षणाच्या परवान्यावर घरात ठासणीची (नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू ठासून भरायची) बंदूक असलेल्या नाशिक भागातल्या शेतकऱ्यांसाठी हे लिहितोय. नळी साफ करायचं ‘जर्मन औषध’ म्हणून एक बाटली गावोगाव विकली जातेय. शंभर मिलीचे साडेआठशे रुपये. माझ्या बंदुकीची नळी त्या औषधाच्या भरवशावर कायमची गेली.

गिरणाऱ्याच्या पुढे आमची शेती आहे. भुईमूग तयार व्हायला आला की रानडुकरं रात्रीतून सरीच्या सरी उकरून टाकतात, त्यांना हुसकायला बार काढावाच लागतो. 2024 च्या दसऱ्याआधी हा विक्रेता आमच्याकडे आला. खंडेनवमीला पूजेसाठी प्रत्येक जण हत्यार पुसायला काढतो, हे हेरूनच तो आला होता. चारचौघांदेखत त्याने गजाला चिंधी गुंडाळली, तिच्यावर औषध ओतलं आणि माझ्या नळीत वरखाली फिरवली. पहिली चिंधी काळीकुट्ट निघाली, दुसरी करडी, तिसरी पांढरी. लवंगेचा वास सुटला होता. “बघा दादा, पाण्याचा थेंब नाही. लोखंडाला पाणी म्हणजे विष,” हे त्याचं वाक्य माझ्या अजून कानात आहे.

पूजा झाली. 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि बंदूक नियमाप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा केली. निकाल 23 नोव्हेंबरला लागला, त्यानंतर ती परत मिळाली. घरी येऊन गज आत घातला तर खरखर लागली. चिंधी विटकरी होऊन बाहेर आली, तीही फाटून, तिचे धागे आतच अडकले होते. परवानाधारक कारागिराने आत उजेड पाडून दाखवलं: बुडाशी, जिथे दारू ठासतो नेमकं तिथे, गंजाने खड्डे पडलेले. “या नळीत आता बार भरू नका,” एवढंच तो म्हणाला. आजोबांच्या काळापासून जपलेली नळी होती ती.

हे का झालं ते नीट समजून घ्या, कारण विक्रेत्याची सगळी चलाखी इथेच आहे. काळ्या दारूत साधारण 75 टक्के सोरा (पोटॅशियम नायट्रेट), 15 टक्के कोळसा आणि 10 टक्के गंधक असतं. ती जळाली की तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग वायू होऊन उडून जात नाही. ते घन रूपात उरतं, काही धुरासोबत बाहेर पडतं आणि बाकीचं नळीत बसतं. त्यात पोटॅशियमचे क्षार असतात. ते हवेतला ओलावा ओढून घेतात आणि लोखंड खायला लागतात. हे क्षार पाण्यात विरघळतात, रॉकेल-पेट्रोलसारख्या तेलात विरघळत नाहीत. तेलाची चिंधी वरची काजळी पुसते, म्हणून तिसरी चिंधी पांढरी दिसते. क्षार मात्र तेलाखाली तसेच राहतात.

अंबडच्या एमआयडीसीत माझा मावसभाऊ टर्नर आहे. त्याला उरलेली बाटली दाखवली. त्याने पेलाभर पाण्यात चार थेंब सोडले, ते वर तरंगत राहिले. लवंगेच्या आड रॉकेलचा वास होता. लेथवर वापरतात ते विरघळणारं तेल पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होतं. जर्मनीत 1904 पासून बनणारं बॅलिस्टॉल हे तेलही पाण्यात तसंच होतं, आणि परदेशात ठासणीच्या बंदुका वापरणारे लोक ते पाण्यात मिसळूनच नळीला लावतात. म्हणजे ‘जर्मन’ म्हणून ज्याचा दाखला द्यायचा, त्यालासुद्धा पाणी लागतंच.

तरी खात्री करायची होती. शेजारच्या अण्णांनी बार काढला त्याच संध्याकाळी त्यांची नळी आम्ही याच औषधाने पुसली, चिंधी पांढरी निघेपर्यंत. मग तिच्यात गरम पाणी ओतलं. निपलच्या (नळीच्या बुडाशी टोपी बसवतो त्या बोंडाच्या) भोकातून काळं पाणी आलं आणि कुजलेल्या अंड्याचा वास ओटीभर पसरला. गंधकाचा क्षार ओला झाला की हाच वास येतो. अण्णांची नळी त्या पाण्याने वाचली.

म्हणून आपले जुने लोक करायचे तेच करा. बंदूक रिकामी असल्याची आधी खात्री करा, निपल काढा आणि साबणाच्या गरम पाण्याने नळी धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. शेवटचं पाणी कढत असू द्या, म्हणजे नळी तापून लवकर वाळते. कोरडी चिंधी फिरवा आणि लगेच मशीनचं तेल लावा. इथे उशीर करू नका, ओल्या नळीला तासाभरातही गंज धरतो. ठाण्यात जमा करायच्या आदल्या दिवशी तर हे करायलाच हवं, कारण पुढचे कित्येक दिवस तिला तुमचा हात लागणार नाही.

त्या बाटलीवर बनवणाऱ्याचं नाव नव्हतं, पत्ता नव्हता, छापील किंमत नव्हती. बिल मागितल्यावर “पुढच्या खेपेला आणतो” म्हणाला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे, पण विकणाराच कोण हे ठाऊक नसेल तर तक्रारीत लिहायचं काय? मी बाटली आणि फाटलेल्या चिंध्या जपून ठेवल्या आहेत. ज्यांच्याकडे त्याचा फोटो किंवा गाडीचा नंबर असेल त्यांनी कळवा.

पाहुण्यांकडून कळलं की आता तो हिरव्या लेबलची बाटली घेऊन दिंडोरीकडे फिरतोय. तुमच्या दारात आला तर त्याला चिंध्या फिरवू द्या, आणि तिसरी पांढरी निघाली की सगळ्यांदेखत नळीत गरम पाणी ओता.