सामानापाशी कोणी बसायचे? 20 लिटरच्या ड्राय बॅगचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

आपल्याकडचे कोणतेही कुटुंब समुद्रावर गेले की त्यातले एक माणूस पाण्यात उतरत नाही, कारण ते सामान राखत बसलेले असते, आणि बहुतेक वेळा ती आई असते किंवा आजी. क्रूझ कंपनीच्या खासगी बेटावरील एका दिवसाचे नियोजन करताना मी हाच प्रश्न सर्वांत आधी सोडवायला घेतला आणि त्यासाठी 20 लिटरची ड्राय बॅग, म्हणजे तोंड गुंडाळून बंद करायची आणि आत पाणी शिरू न देणारी पिशवी, विकत घेतली. बहामातील ती सफर होऊन आता बरेच महिने झाले. त्यानंतर ही पिशवी गोव्यातल्या आमच्या फोंड्याच्या घरातून पाळोळ्याच्या किनाऱ्यावर आणि ग्रँड आयलंडला जाणाऱ्या होडीत गेली, शिवाय सबंध पावसाळा माझ्या स्कूटरवर होती, त्यामुळे तिच्याविषयी आता खात्रीने लिहिता येते.

माझे धाकटे दीर जहाजावर नोकरीला आहेत. त्यांच्यामुळे आम्हाला रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या कोकोके या बेटावर जाता आले. हे बेट बहामाच्या बेरी द्वीपसमूहात असून 2019 साली कंपनीने त्याचा कायापालट केला. तेथे धक्का असल्याने जहाज थेट बेटाला लागते आणि एकाच वेळी दोन मोठी जहाजेही उभी राहू शकतात. ‘आयकॉन ऑफ द सीज’सारख्या एकाच जहाजात, खोलीमागे दोन माणसे धरली तरी, 5,610 प्रवासी मावतात, म्हणजे सावलीतल्या आरामखुर्च्या किती लवकर भरत असतील याची कल्पना यावी. खुर्च्या, छत्र्या, किनारा, ‘ओअॅसिस लगून’ हा गोड्या पाण्याचा प्रचंड तलाव आणि दुपारचे साधे जेवण हे सर्व तिकिटातच येते. वॉटर पार्क, त्यातली 135 फूट उंचीची घसरगुंडी, माणसांना वर नेणारा हेलियमचा फुगा आणि कबाना (भाड्याने मिळणाऱ्या सावलीच्या खोपी) यांचे पैसे वेगळे पडतात. लहान मुले आणि वयस्कर माणसे बरोबर असतील तर यातले काहीही विकत घेण्याची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण मुलांसाठी असलेले पाण्याच्या तोफांचे जहाज आणि कारंज्यांचा भाग विनामूल्य आहे आणि आमची मुले तेथून हलायला तयार नव्हती.

बेटावर रोख पैसे लागत नाहीत. खोलीचे कार्डच खरेदीला चालते आणि जहाजावर परत चढतानाही तेच दाखवावे लागते, म्हणून ते सांभाळणे सर्वांत महत्त्वाचे. पासपोर्ट आम्ही खोलीतल्या तिजोरीतच ठेवले. पिशवीत तळाला सुके कपडे, त्यावर पंचा, पंच्याच्या घडीत फोन, आणि अगदी वर सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या व चष्मा असा क्रम मी ठरवला होता. फोन पंच्यात ठेवण्याचे कारण म्हणजे उन्हात अशी बंद पिशवी आतून फार तापते. त्याच कारणाने काळ्या रंगाची पिशवी घेऊ नये.

पिशवी बंद करताना आत थोडी हवा राहू दिली की ती तरंगते. तिचा पट्टा हाताला अडकवून सासूबाई कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहिल्या. “औषधे भिजली नाहीत ना गो?” असे त्यांनी दोनदा विचारले, आणि मी पिशवी उघडून कोरडी पाकिटे दाखवल्यावर मात्र त्या तासभर बाहेर आल्या नाहीत. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत त्यांना समुद्रात उतरलेले मी प्रथमच पाहिले, आणि या पिशवीची किंमत माझ्या दृष्टीने तेथेच वसूल झाली.

पिशवीचे सगळे यश तिच्या तोंडावर अवलंबून आहे. दोन्ही कडा एकमेकींवर नीट बसवून किमान तीन घट्ट घड्या घालाव्या लागतात आणि मगच बाजूची क्लिप लावायची. कडेवर वाळूचे चार कण राहिले तरी घडीत बारीक फट पडते आणि तेथून पाणी झिरपते, म्हणून प्रत्येक वेळी सुक्या रुमालाने कडा पुसण्याची सवय मी घरातल्या सर्वांना लावली आहे. पाळोळ्याला होडीत चढताना गुडघाभर पाण्यातून जावे लागते आणि लाट अंगावर येते. तेथेही आतले सामान कोरडे राहिले. शिवण असलेल्या पिशव्या मात्र टाळाव्यात. सांधे उष्णतेने जोडलेले असतील तरच पाणी अडते. जोड चांगले असले तरी अशी पिशवी लाटा, पाऊस आणि क्षणभर पाण्यात पडण्यापुरतीच असते. ती घेऊन बुडी मारू नये.

पावसाळ्यात दोन दोष दिसले. ओली असताना गुंडाळून ठेवल्यामुळे आत बुरशीचे काळे ठिपके आले, ते सौम्य साबणाने निघाले, पण वास जायला वेळ लागला. आता ती उलटी करून गोड्या पाण्याने धुते आणि सावलीत वाळवते. दुसरा दोष खांद्याच्या पट्ट्याचा आहे. तो अरुंद असल्याने भरलेली पिशवी काही वेळाने खांद्याला काचते. क्लिपमध्ये मीठ साचून ती जड होते, पण धुतल्यावर सुटते.

ज्या खासगी किनाऱ्यांवर धक्का नाही, उदाहरणार्थ एल्युथेरा बेटावरील प्रिन्सेस केज, तेथे जहाज दूर नांगरते आणि प्रवाशांना छोट्या बोटींनी नेले जाते. समुद्र खवळलेला असेल तर तो थांबा रद्दही होतो, म्हणून पैसे आगाऊ भरण्यापूर्वी परताव्याचा नियम वाचावा. अशा बोटीत चढता-उतरताना दोन्ही हात मोकळे असणे फार गरजेचे असते आणि तेथे पाठीवर घेता येणारी पिशवी अधिक उपयोगी पडेल. परतण्याची वेळ नेहमी जहाजाच्या घड्याळाप्रमाणे धरावी, फोनवरच्या नव्हे, आणि शेवटच्या तासासाठी काही राखून ठेवू नये, कारण त्या वेळी सगळेच एकदम परत निघतात.

चार माणसांसाठी 20 लिटर पुरतात. 30 लिटरची घेतली तर ती भरली जाते आणि मग ती सासूबाईंना पाण्यात धरून ठेवता येणार नाही. त्याऐवजी 5 लिटरची दुसरी लहान पिशवी फक्त औषधे आणि कार्डांसाठी घ्यावी. ऑक्टोबरात किनारे पुन्हा पोहण्यासाठी खुले होण्याआधी मी तीच घेणार आहे.