मेन बोअर: लाइन होनिंग पुरेल की लाइन बोरिंगच हवं?

मेन बोअर म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकमधली, क्रँकशाफ्ट ज्यांत फिरतो ती एका रेषेतली भोकं. क्रँक बाहेर काढला, ब्लॉक धुऊन झाला, की मशीन शॉपचा पहिला प्रश्न असतो: ती भोकं स्टोनने घासून नीट करायची (लाइन होनिंग) की टूलने कापून (लाइन बोरिंग)? उत्तर द्यायची घाई करू नका, आधी मापं घ्या. सगळ्या मेन कॅप, म्हणजे या भोकांचे खालचे सुटे अर्धे भाग, बसवा. इंजिनात शेवटी जे बोल्ट किंवा स्टड राहणार तेच लावा, त्यांच्यासाठी सांगितलेलं वंगण लावा आणि पूर्ण टॉर्कला कसा. बोल्टच्या जागी स्टड आले की कॅपवरचा ताण बदलतो, आणि काल गोल असलेला बोअर लंबगोल निघतो. परफॉर्मन्स इंजिनात होनिंगची वेळ बहुधा इथूनच येते.

डायल बोअर गेजने प्रत्येक बोअर तीन दिशांना मोजा: एकदा सरळ उभा, मग डावी-उजवीकडे तिरका, ब्लॉक आणि कॅपच्या सांध्यापासून थोडा दूर. नेमकं सांध्यावरचं माप फसवं असतं. बऱ्याच इंजिनांत हाउसिंग बोअरला, म्हणजे शेल (बेअरिंगचे अर्धगोल तुकडे) न घातलेल्या मेन बोअरला, एकूण ०.०२५ मिमीची मुभा असते. जोरात पळवायच्या इंजिनात लंबगोलपणा १२ मायक्रॉनच्या (०.०१२ मिमी) आत, शेजारशेजारच्या दोन बोअरच्या रेषेतला फरकही तेवढाच, आणि पहिल्यापासून शेवटच्या बोअरपर्यंत २५ मायक्रॉन, एवढं धरून चाला. सगळं यात बसत असेल तर मशीनवर चढवूच नका. हाही पर्याय आहे, आणि तो कमी वेळा निवडला जातो.

होनिंगमध्ये कॅपची सांध्याकडची बाजू आधी ५० ते १०० मायक्रॉन घासतात. त्याने बोअर उभ्यात लहान होतो, मग स्टोन लावलेला लांब मँड्रेल सगळ्या बोअरमधून एकदम फिरवून मूळ मापाला आणतात. गोलाई छान मिळते, पृष्ठभागही शेल बसायला उत्तम. पण होन आहे त्या भोकाच्या मागे जातो, रेषा कुठे असावी हे त्याला कळत नाही. वर आणि खाली सारखाच कापला तरी कॅप जेवढी घासली त्याच्या निम्मं क्रँकचं केंद्र वर, कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टच्या) दिशेने सरकतं. ५० मायक्रॉन घासली तर २५ मायक्रॉन. ब्लॉकमध्येच कॅम असलेल्या इंजिनात टायमिंग चेन त्याच्या दुप्पट, म्हणजे ५० मायक्रॉन सैल होते. एकदा चालतं. तोच ब्लॉक आधीही होन झालेला असेल तर बेरीज करा. काही इंजिनांसाठी आखूड चेन मिळते ती याच कारणाने. गिअरने फिरणाऱ्या कॅममध्ये उलट होतं, दातांमधला प्ले कमी होतो आणि गिअर ओरडायला लागतात.

होनची दुसरी खोड मऊ-कडक धातूची. अॅल्युमिनियमच्या ब्लॉकवर लोखंडी कॅप, किंवा बिडाच्या ब्लॉकवर स्टीलच्या कॅप असतील तर स्टोन मऊ बाजू जास्त खातो. केंद्र हिशेबापेक्षा जास्त वर जातं. अशा ब्लॉकला नुसतं होनिंग नको.

बोरिंगमध्ये एका दाताचं टूल बारवर फिरतं आणि बार जिथे सेट केला तिथेच कापतं. समोर धातू मऊ असो वा कडक. केंद्र मूळ जागी ठेवून सगळा माल कॅपमधूनच काढता येतो, ब्लॉकची बाजू जेमतेम खरवडली जाते. नव्या कॅप बसवायच्या असतील, एखादं बेअरिंग फिरून बोअर खराब झाला असेल, किंवा दोन बोल्टच्या कॅप काढून चार बोल्टच्या घालायच्या असतील, तर बोरिंगला पर्याय नाही. नव्या कॅपचा बोअर मुद्दाम लहान दिलेला असतो. तेवढा माल होनने काढणं म्हणजे रेषा स्टोनच्या मर्जीवर सोडणं.

बोरिंगचं सगळं यश सेटिंगवर. बार चुकीच्या बोअरवरून जुळवला तर सगळे बोअर सुंदर गोल आणि एका रेषेत निघतील, फक्त ती रेषा वाकडी असेल. कॅम बोअर किंवा न बिघडलेले दोन टोकाचे बोअर धरूनच जुळवायला सांगा. टूलच्या खुणाही राहतात, म्हणून चांगली शॉप १५ ते २५ मायक्रॉन माल ठेवून शेवट होनने करतात. परफॉर्मन्स ब्लॉकला नव्या कॅप असतील तर आम्ही हेच सुचवू: आधी बोरिंग, मग हलकं होनिंग.

दोन्हींत एक चूक हमखास होते. ऑइल क्लिअरन्स, म्हणजे क्रँक आणि शेलमधली तेलाची फट, कमी वाटतो म्हणून बोअर वरच्या मापाला नेतात. बोअर मोठा झाला की शेलवरची पकड सुटते आणि बेअरिंग फिरतं. क्लिअरन्स क्रँक ग्राइंड करून किंवा जाड-पातळ शेल निवडून जुळवायचा. ६० मिमीच्या जर्नलला (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) साधारण ०.०६ मिमी, परफॉर्मन्ससाठी त्यावर १० ते १५ मायक्रॉन. बोअर मात्र मुभेच्या मधल्या किंवा खालच्या बाजूला ठेवा.

मागच्या कॅपवर सीलची खाच किंवा ऑइल पंप असेल तर कॅप घासण्याआधी शॉपला आठवण करा. खाच त्याच मापाने चपटी होते. सगळ्या कॅप एकाच अखंड चौकटीत असलेल्या इंजिनात तर एकेक कॅप घासताच येत नाही. तिथे बोअर वाढवून बाहेरून मोठे शेल घालणं, नाहीतर दुसरा ब्लॉक.

सिलिंडर बोरिंग आणि डेकचं (हेड बसतं त्या पृष्ठभागाचं) काम यानंतरच, कारण त्यांची मापं क्रँकच्या रेषेवरून घेतात. शेवटचं माप ब्लॉक थंड झाल्यावर घ्या. ७० मिमीचा अॅल्युमिनियम बोअर १० अंश गरम असला तर १६ मायक्रॉन मोठा दिसतो, आणि गरम ब्लॉकवर ‘बरोबर’ आलेलं माप सकाळी लहान निघतं.