कार्टूनचं रंगवायचं पुस्तक की कोरी वही? शाळेच्या खरेदीआधी थोडं

कर्नाटकातल्या शाळा मेअखेरीस उघडतात, म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणीकडची वह्या-दप्तरांची खरेदी महाराष्ट्राच्या आधीच उरकते. खडेबाजारात पोरं छोटा भीमच्या दप्तरापुढून हलत नाहीत. आई-बाबांना प्रश्न पडतो: या चित्रांनी मुलाची कल्पकता खरंच वाढते का?

दप्तर, डबा, पाण्याची बाटली मुलाच्या आवडीची घ्या, फक्त शिवण आणि चेन तपासा. पहिलीतल्या मुलाला त्या चित्रामुळे शाळेत जावंसं वाटलं, तरी पुष्कळ झालं. चित्रकलेशी मात्र त्याचा फारसा संबंध नाही.

खरी निवड आहे ती कार्टूनचं रंगवायचं पुस्तक आणि कोरी वही यांत. छापलेल्या रेषेत रंग भरताना बोटांना वळण लागतं, हे खरं. पण काय काढायचं ते आधीच दुसऱ्यानं ठरवलेलं असतं. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४० च्या दशकातच अशा पुस्तकांना विरोध केला होता. तयार चित्रांची सवय लागली की मुलाचा स्वतःच्या रेषेवरचा विश्वास उडतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते पूर्ण पटतं. ‘मला येत नाही, तूच काढून दे’ म्हणणाऱ्या मुलाला आणखी एक रंगवायचं पुस्तक देऊन काय उपयोग?

म्हणून कार्टून दूर ठेवा असं नाही. गोल डोकं, लंबगोल पोट, दोन ठिपक्यांचे डोळे: कार्टून मुलाला स्वतः काढता येतं, हीच त्याची ताकद. मला सगळ्यांत आवडतात ते स्टिकर. कोऱ्या पानावर एक चिकटवा आणि भोवतीचं सगळं मुलाला काढू द्या. मग भीम येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढतो, नाहीतर दिवाळीच्या मातीच्या किल्ल्यावर पहारा देतो. तोंडाजवळ फुगा काढून संवाद लिहायला सांगा, एकाचा मराठीत, दुसऱ्याचा कन्नडमध्ये. आपल्याकडची मुलं शाळेत दोन्ही लिप्या शिकतात. इथे त्या गंमत म्हणून लिहिल्या जातात.

रंगपेटी घेताना झाकणावरचं चित्र पाहू नका, कागदावर रंग ओढून पाहा. लहानग्यांना जाड मेणाचे खडू बरे, तिसरी-चौथीपासून ऑइल पेस्टल. कार्टूनच्या आकाराचे वासाचे खोडरबर मात्र नकोच. पुष्कळदा ते पुसण्याऐवजी कागद काळा करतात. साधा पांढरा घ्या.