क्रमांक खरा, कार्ड बनावट: जुन्या बेसबॉल कार्डाच्या खरेदीत झालेली फसवणूक

सप्टेंबर २०२२ मध्ये रॉबर्टो क्लेमेंटे या बेसबॉल खेळाडूचे, खेळाडूंची चित्रे असलेली संग्राह्य कार्डे छापणाऱ्या टॉप्स कंपनीचे १९५५ सालचे कार्ड म्हणून मी जे विकत घेतले, ते बनावट निघाले. ते ज्या पारदर्शक, सीलबंद डबीत होते ती डबीही बनावट होती. खरा होता तो डबीतल्या चिठ्ठीवर छापलेला प्रमाणन क्रमांक, आणि ही फसवणूक त्या एका खऱ्या गोष्टीच्या आधारावरच उभी होती. व्यवहार ३,८०० डॉलरचा होता. न्यू जर्सीत आणि आसपास राहणाऱ्या माझ्या ओळखीच्या काही मराठी कुटुंबांत लिटल लीगच्या, म्हणजे मुलांच्या बेसबॉल सामन्यांच्या, निमित्ताने कार्डे गोळा करण्याची आवड वाढते आहे आणि त्यातले काही जण आता नव्या कार्डांवरून जुन्या, महागड्या कार्डांकडे वळू लागले आहेत, म्हणून ही हकिगत तपशिलाने लिहीत आहे.

क्लेमेंटेचेच कार्ड का, हे सांगायला हवे, कारण विक्रेत्याने नेमके तेच हेरले होते. माझे उच्च शिक्षण पिट्सबर्गला झाले आणि त्या शहरात राहिलेल्या माणसाला क्लेमेंटे टाळता येत नाही. पुलाला त्याचे नाव आहे, आणि तिथल्या पायरेट्स या बेसबॉल संघाच्या मैदानाच्या उजव्या बाजूची भिंत त्याच्या २१ क्रमांकाच्या सदऱ्यावरून २१ फूट उंच बांधलेली आहे. प्वेर्तो रिकोमधून आलेला हा खेळाडू याच संघाकडून १८ हंगाम खेळला. ३० सप्टेंबर १९७२ रोजी त्याने आपला ३,००० वा हिट मारला, आणि त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेले त्याचे विमान समुद्रात कोसळले. १९५५ च्या टॉप्स संचातील १६४ क्रमांकाचे कार्ड हे त्याचे पदार्पणाच्या हंगामातले कार्ड असून संचाच्या शेवटच्या, तुलनेने दुर्मीळ गटात ते मोडते. साहजिकच त्याला कायम मागणी असते.

विक्रेत्याने ज्या वातावरणाचा फायदा उठवला, ते २०२० पासून तयार होत होते. टाळेबंदीत घरी बसलेल्या लोकांनी माळ्यावरचे खोके उघडले, हातात सरकारी मदतीचे पैसे होते, आणि कार्डांचे भाव भराभर चढले. मार्च २०२१ मध्ये कार्ड तपासून त्याला दर्जा देणाऱ्या पीएसए या प्रमाणन कंपनीला तुंबलेल्या कामामुळे बहुतेक नवी कार्डे स्वीकारणे थांबवावे लागले. त्याच वर्षी मे महिन्यात विस्कॉन्सिनमधील एका दुकानाबाहेर कार्डांवरून मारामारी झाल्यावर टार्गेट या दुकानसाखळीने आपल्या दुकानांतील कार्डविक्री काही काळ बंद ठेवली. जुन्या कार्डांचे आकडे तर वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येऊ लागले. मिकी मँटल या बेसबॉल खेळाडूचे १९५२ चे टॉप्स कार्ड जानेवारी २०२१ मध्ये ५२ लाख डॉलरला गेले. त्याच कार्डाची आणखी चांगली प्रत २८ ऑगस्ट २०२२ रोजी हेरिटेज या लिलावसंस्थेच्या लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला विकली गेली. ती प्रत न्यू जर्सीच्याच एका संग्राहकाने १९९१ मध्ये ५० हजार डॉलरला घेतली होती. दरम्यान होनस वॅग्नर या जुन्या खेळाडूचे तंबाखूच्या पाकिटातले १९०९ ते १९११ च्या काळातले कार्ड ७२ लाख ५० हजार डॉलरपर्यंत पोचले होते. १९५२ च्या संचातील न खपलेली कार्डे टॉप्सच्या साय बर्गर यांनी १९६० मध्ये पडावात भरून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात बुडवली, ही कथा प्रत्येक विक्रेता सांगतो. मलाही ती मला बनावट कार्ड विकणाऱ्या माणसाकडूनच पहिल्यांदा तपशिलात ऐकायला मिळाली, आणि सांगण्याची त्याची हातोटी उत्तम होती हे मान्य करावे लागेल.

आता प्रमाणनाची पद्धत. जुन्या कार्डाची किंमत त्याच्या स्थितीवर ठरते आणि स्थितीबद्दल घेणारा व देणारा यांचे कधीच एकमत होत नाही, म्हणून पीएसए, एसजीसी, बेकेट अशा कंपन्या कार्ड तपासतात, कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्राभोवतीच्या समासांचे प्रमाण पाहून १ ते १० असा दर्जा देतात आणि कार्ड प्लास्टिकच्या डबीत बंद करतात. डबीत वरच्या बाजूला चिठ्ठी असते. तिच्यावर कार्डाचे नाव, दर्जा आणि एक क्रमांक असतो, आणि तो क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की नोंद दिसते. आपल्याकडे दागिन्यावर हॉलमार्कबरोबर सहा अक्षरांचा एचयूआयडी असतो, तसाच हा प्रकार वाटतो. मात्र एचयूआयडी दागिन्यावरच कोरलेला असतो, तर इथे क्रमांक चिठ्ठीवर असतो, कार्डावर काहीच नसते. अमुक क्रमांकाचे एक कार्ड कंपनीने कधीतरी तपासले होते, एवढेच ती नोंद सांगते. आपल्या हातातले कार्ड तेच आहे असे ती सांगत नाही, आणि जुन्या नोंदींपैकी पुष्कळ नोंदींना छायाचित्र जोडलेले नसते.

हा विक्रेता मला एका हॉटेलच्या सभागृहात भरणाऱ्या कार्डांच्या बाजारात भेटला. बोलायला सभ्य, उतारवयाकडे झुकलेला, आणि माहिती अचूक. त्याने मला आधी १९७० च्या दशकातली काही स्वस्त कार्डे विकली, ती सगळी अस्सल होती आणि भावही रास्त होता. एका कार्डाच्या कोपऱ्यावर फोटोत न दिसलेली घडी निघाली, तेव्हा मी न मागता त्याने दहा डॉलर परत पाठवले. त्या दहा डॉलरनी मिळवलेल्या विश्वासावरच पुढचा व्यवहार झाला. या धंद्यात मुरलेल्या माणसांशी नंतर बोलताना कळले की हा ठरलेला मार्ग आहे: आधी लहान व्यवहार चोख करायचे, गिऱ्हाईक कोणत्या खेळाडूवर जीव लावून आहे ते बोलता बोलता काढून घ्यायचे, आणि मग नेमके तेच कार्ड ‘एका ओळखीच्या कुटुंबाकडून’ हाती आल्याचे कळवायचे.

मँटलच्या लिलावाची बातमी ताजी असतानाच त्याचा निरोप आला. क्लेमेंटेचे कार्ड, दर्जा ५, डबीसकट, आणि भाव त्या वेळच्या लिलावांपेक्षा थोडा कमी. फार कमी भाव लावला असता तर संशय आला असता, हे त्याला चांगलेच ठाऊक होते. घाई करायला लावण्यासाठी त्याच्याकडे खऱ्या तारखा होत्या: तीन हजाराव्या हिटला ३० सप्टेंबरला ५० वर्षे होणार, वर्षअखेरीस मृत्यूलाही ५० वर्षे होणार, तेव्हा वृत्तवाहिन्यांवर सगळीकडे क्लेमेंटेच असेल आणि भाव वर जाईल. मी क्रमांक संकेतस्थळावर तपासला. नोंद तंतोतंत जुळली: वर्ष, खेळाडू, कार्ड क्रमांक, दर्जा. पैसे मात्र ॲपवरून ‘मित्र व कुटुंबीय’ या प्रकारात पाठवावेत, म्हणजे तीन टक्क्यांच्या आसपासचे शुल्क वाचेल आणि तेवढी रक्कम तो किमतीतून कमी करेल, असे त्याने सुचवले. छोट्या व्यवहारांत आम्ही तसेच करत आलो होतो. या प्रकाराने पाठवलेल्या पैशांना खरेदीदाराचे संरक्षण लागू होत नाही, आणि व्यवहार उलटवण्याची सोय राहत नाही. शुल्क वाचवण्याची भाषा तेवढ्यासाठीच असते.

कार्ड आले, दिसायला देखणे होते, आणि काही महिने कपाटात राहिले. घरातल्या वस्तूंच्या विम्यात त्याची नोंद करायची म्हणून मूल्यांकनासाठी ते मी पेनसिल्व्हेनियातील एका जुन्या व्यापाऱ्याकडे नेले. त्यांनी डबी हातात घेतली, कार्डाकडे न बघता तिची कड दिव्यासमोर तिरकी धरली आणि बोटाने मला दाखवले: जोडाच्या रेषेवर एका ठिकाणी सुकलेल्या डिंकासारखा पातळ, दुधट ओघळ होता. अस्सल डबीचे दोन भाग ध्वनिलहरींच्या यंत्राने वितळवून जोडतात, त्यात चिकटवायला काही वापरत नाहीत. मग त्यांनी भिंग दिले. १९५५ च्या कार्डाची रंगीत चित्रे बारीक ठिपक्यांनी बनलेली असतात, पण नाव आणि छापील सही यांच्या काळ्या रेषा वेगळ्या, सलग शाईने छापलेल्या असतात. माझ्या कार्डावर ‘क्लेमेंटे’ या अक्षरांच्या आतही निळे, लाल, पिवळे ठिपके स्वच्छ दिसत होते, म्हणजे हे अस्सल कार्डाच्या स्कॅनवरून काढलेले छापील चित्र होते. अतिनील किरणांच्या दिव्याखाली कार्डाचा पांढरा समास निळसर उजळला. नव्या कागदात चकाकी आणणारे रसायन असते, त्याची ती खूण. एकट्या दिव्यावर निकाल देऊ नये, पण ठिपक्यांनंतर शंकेला जागा उरली नव्हती.

शेवटी त्यांनी जुन्या लिलावांच्या छायाचित्रांत तो क्रमांक शोधून काढला. काही वर्षांपूर्वी तोच क्रमांक असलेले कार्ड खरोखर विकले गेले होते. त्याच्या डाव्या बाजूचा समास उजवीपेक्षा उघडपणे रुंद होता आणि वरच्या उजव्या कोपऱ्याजवळ केसासारखी घडी होती. माझ्या कार्डाचे दोन्ही समास जवळपास सारखे होते आणि घडी कुठेच नव्हती. विक्रेत्याने कोणाच्या तरी अस्सल कार्डाच्या फोटोवरून क्रमांक उचलून स्वतःच्या चिठ्ठीवर छापला होता.

पुढचा भाग थोडक्यात सांगण्यासारखाच आहे. विक्रेत्याचा फोन बंद झाला होता. पैसे पाठवण्याच्या ॲपने नियमावर बोट ठेवले. स्थानिक पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्राकडे मी ऑनलाइन तक्रार केली, आणि कार्ड टपालाने आले असल्यामुळे टपाल खात्याच्या तपास विभागालाही कळवले. प्रमाणन कंपनीने डबी तपासून ती आपली नसल्याचे लेखी दिले. हा कागद मिळवण्याचा आग्रह धरावा, कारण त्याच्याशिवाय ‘दर्जाबद्दलचा वाद’ म्हणून तक्रार बाजूला पडते. पैसे परत मिळालेले नाहीत.

बनावट डब्या ही आता काही एकट्यादुकट्याची करामत राहिलेली नाही. मे २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय सरकारी वकिलांनी खोट्या दर्जाची खेळाडूंची व इतर कार्डे विकल्याच्या आरोपावरून वॉशिंग्टन राज्यातील दोघांवर गुन्हा दाखल केला, त्यातली रक्कम २० लाख डॉलरहून अधिक सांगितली गेली. अस्सल कार्डातही लबाडी होतेच. पीएसएने सर्वात आधी दर्जा दिलेले कार्ड म्हणजे आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या संघाचे तेव्हाचे मालक ब्रूस मॅकनॉल यांनी १९९१ मध्ये ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलेले होनस वॅग्नरचे कार्ड. त्याला ८ हा दर्जा मिळाला. लिलावदार बिल मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये गुन्हा कबूल करताना त्याच कार्डाच्या कडा आपण कापल्याचे मान्य केले. आपल्या लिलावांत खोट्या बोली लावून भाव चढवल्याच्या प्रकरणात त्यांना २०१५ मध्ये २० महिन्यांची कैद झाली. तेव्हा डबी अस्सल असली तरी आतले कार्ड निर्दोष असतेच असे नाही, आणि लिलावात दिसणारा भाव खऱ्या बोलींचाच असतो असेही नाही. मला तर या छंदातील सर्वात प्रसिद्ध कार्डच कापलेले असावे यात आश्चर्यापेक्षा सुसंगती अधिक दिसते.

एवढे असूनही कोणाला १९५० च्या दशकातले कार्ड घ्यायचेच असेल, तर माझे सांगणे असे की नोंद जुळली म्हणून थांबू नये. त्या क्रमांकाचे जुने छायाचित्र मिळवून समास, डाग, घड्या आपल्या कार्डाशी एकेक करून पडताळाव्यात, आणि छायाचित्र मिळत नसेल तर विक्रेत्याच्या खर्चाने नव्हे, आपल्या खर्चाने, पैसे देण्याआधी दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवावे. डबीबाहेरचे कार्ड असेल तर पट्टी लावावी: १९५२ ते १९५६ ची टॉप्स कार्डे सव्वादोन नव्हे, अडीच नव्हे, तर २ ५/८ इंच बाय ३ ३/४ इंच असतात, आणि १९५७ पासून आजचा अडीच बाय साडेतीनचा आकार आला. मापात थोडी तफावत छपाईतही असते, पण स्पष्टपणे लहान आणि कडा वाजवीपेक्षा कोऱ्या असलेले कार्ड कापलेले असण्याचा संभव मोठा. पैसे खरेदीदाराला संरक्षण देणाऱ्या मार्गानेच द्यावेत आणि शुल्क आपण सोसावे. संदेश, डबीचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि पाकिटावरचा टपाल शिक्का जपून ठेवावा.

मला विकलेल्या डबीवरचा क्रमांक मी अधूनमधून शोधत असतो. मागच्या हिवाळ्यात तो एका विक्रीच्या जाहिरातीत पुन्हा दिसला. या वेळी समास तिसऱ्याच प्रकारचे होते, आणि कार्डाखालच्या मजकुरात ‘एका जुन्या कुटुंबाच्या संग्रहातून’ असे लिहिले होते. प्रमाणन कंपनीचे पत्र आणि तिन्ही छायाचित्रे जोडून मी त्या बाजारपेठेकडे तक्रार केल्यावर ती जाहिरात काढली गेली.