मोठी व्हॅन, दोन मिनीव्हॅन की बस? घोडेस्वारीचा संघ बर्फातून नेताना

घोडेस्वारीचा संघ म्हटलं की लोकांना वाटतं, गाडीमागे घोड्यांचा ट्रेलर असणार. आयएचएसए, म्हणजे अमेरिकन कॉलेजांच्या घोडेस्वारी संघटनेच्या स्पर्धांना तो लागत नाही. बॉब कॅकिओनी या अमेरिकन विद्यार्थ्याने १९६७ मध्ये ही आंतरमहाविद्यालयीन संघटना सुरू केली, आणि तिचा पायाच हा की स्वतःचा घोडा नसला तरी स्पर्धेत उतरता यावं. घोडे यजमान कॉलेजचे, खोगीर-लगामही त्यांचेच. कुणाच्या वाट्याला कुठला घोडा, ते चिठ्ठ्या काढून ठरतं. आपण न्यायची ती माणसं, हेल्मेटं, गुडघ्यापर्यंतचे बूट आणि कव्हरात लटकवलेले कोट. त्यामुळे गाडी निवडायला वाव असतो, आणि वाद तिथेच सुरू होतात.

मी कोल्हापूरकडची. बर्फ पहिल्यांदा पाहिला तो सव्विसाव्या वर्षी. तरी न्यूयॉर्क राज्यातल्या आमच्या विद्यापीठाच्या संघाची सल्लागार झाले, आणि गाडीच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या. कारण साधं होतं: पंचविशी ओलांडलेली माणसं दोनच, प्रशिक्षक आणि मी. अमेरिकेत विद्यापीठात नोकरीला असलेल्या मराठी मंडळींच्या गळ्यात अशी जबाबदारी हसतखेळत पडते, म्हणून हे लिहून ठेवते.

पहिला पर्याय पंधरा सीटच्या व्हॅनचा. स्वस्त, सगळी मुलं एकत्र, चालक एकच. सोळा किंवा जास्त सीट झाल्या, चालक धरून, की व्यावसायिक लायसन्स लागतं. पंधरापर्यंत साध्या लायसन्सवर भागतं. ही गाडी लोकप्रिय आहे ती मुख्यतः म्हणूनच, सुरक्षित आहे म्हणून नव्हे. हिचं मागचं धूड मागच्या चाकांच्या बरंच पलीकडे जातं. माणसं भरली की वजन वर आणि मागे सरकतं, आणि चालकाने घाबरून स्टिअरिंग फिरवलं की शेपूट घसरून बाजूला निघते. दहा किंवा अधिक माणसं असली की उलटण्याचं प्रमाण कमी भरलेल्या व्हॅनच्या जवळपास तिप्पट होतं, असं अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा खात्याने २००१ मध्येच सांगितलं होतं. बारावीपर्यंतच्या मुलांची ने-आण करायला शाळांना नवी अशी व्हॅन विकायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे, कॉलेजांना नाही. अठरा वर्षं पूर्ण झाली की भौतिकशास्त्र बदलतं, असं कायदा करणाऱ्यांना वाटलं असावं.

न्याय करायचा तर नव्या व्हॅन जुन्यांपेक्षा पुष्कळ बऱ्या. २०१२ च्या मॉडेलपासून घसरण सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सक्तीची झाली, आणि फोर्ड ट्रान्झिट चारही चाकांना ताकद देणारी मिळते. पण चारचाकी ताकद गाडी सुरू करायला कामाची, थांबवायला नाही. थांबवतात ते टायर.

तो धडा मला आय-८१ महामार्गावर मिळाला. सिरॅक्यूजहून उत्तरेला वॉटरटाउनकडे जाताना डावीकडे लेक ओंटारिओ आणि उजवीकडे टग हिलचं पठार. तळ्यावरून आलेली हवा पठारावर चढते आणि बर्फ टाकते. पठारावर कित्येक ठिकाणी वर्षाला पाच मीटरच्या वर. हा लेक इफेक्ट अरुंद पट्ट्यात पडतो. एका एक्झिटला चांदणं, पुढच्या एक्झिटला बॉनेट दिसत नाही. आम्ही अकराजणी, पहाटेचे साडेपाच. अकरा जणींच्या श्वासाने मागच्या काचा आतून धुरकटलेल्या, आरसा निरुपयोगी. एका पुलावर मागची चाकं हलकेच उजवीकडे गेली आणि परत आली. एवढंच. पण मागच्या बाकावरची कुजबुज बंद झाली, आणि कुणाचा तरी एक बूट लोळत माझ्या सीटपर्यंत आला. पुढच्या एक्झिटला उतरून मी गाडी परत फिरवली. नंतर टायर बघितले तर ऑल-सीझन, वर फक्त चिखल-बर्फाची दोन अक्षरं, M+S. खऱ्या विंटर टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं. ७ अंश सेल्सिअसच्या खाली साधा रबर कडक व्हायला लागतो, हा मऊ राहतो. शिवाय थंडीत दर साडेपाच अंशांना टायरमधली हवा साधारण एक पीएसआयने उतरते, म्हणजे गुरुवारी तपासलेली हवा शनिवारी कमी भरते.

दुसरा पर्याय दोन मिनीव्हॅनचा, आणि माझं मत याला. प्रत्येकीत सहाजण. बुटकी गाडी, वजन चाकांच्या मध्ये, वळवताना घरच्या गाडीसारखी. विंटर टायर बसवलेली मिळते का ते आधीच विचारायचं. भाड्याच्या गाड्यांना बहुतेक वेळा नसतात, विद्यापीठातल्या आपल्या खात्याच्या गाड्यांना भांडून बसवून घेता येतात. तोटे दोन: भाडं जास्त, आणि चालक दोन हवेत. त्यासाठी आम्ही एका पदव्युत्तर विद्यार्थिनीला विद्यापीठाचं चालक-प्रशिक्षण करायला लावलं.

पण खरा फायदा टायरचाही नाही, वेळापत्रकाचा आहे. इंग्लिश पद्धतीच्या स्पर्धेत बहुधा अडथळ्यांवरून उड्या मारणाऱ्यांचे वर्ग सकाळी होतात, आणि नवशिक्यांचे दुपारनंतर. मग नवशिक्या मुलींना पहाटे चारला उठवायचं कशाला? एक गाडी उडीवाल्यांना घेऊन आदल्या संध्याकाळी निघते, दुसरी उजाडल्यावर, बर्फ हटवणारी गाडी फिरून मीठ पडल्यावर. (तापमान उणे ९ च्या खाली गेलं की साध्या मिठाचा फारसा उपयोग होत नाही, तेव्हा नुसतं मीठ पडलंय यावर भिस्त ठेवू नका.) आणखी एक बारकावा. प्रत्येक वर्गात संघाच्या वतीने एकीचेच गुण धरले जातात, तिला पॉइंट रायडर म्हणतात, आणि नाव आधी द्यावं लागतं. पहिलीला ७ गुण, दुसरीला ५. दुसरी गाडी अडकली तर निदान पहिल्या गाडीतल्यांचे गुण हातात येतात. एका व्हॅनमध्ये सगळं आलं किंवा सगळं गेलं.

तिसरा पर्याय चालकासकट बस. पालकांना हीच आवडते, आणि अंधारात रस्ता बघायचं काम दुसऱ्याकडे जातं हे खरंच. माझ्या मते बसची सर्वांत मोठी जमेची बाजू परतीच्या प्रवासात आहे. स्पर्धा संपायला संध्याकाळ होते, प्रशिक्षक पहाटेपासून उभे, आखाड्यात थंडी. भाड्याच्या बसच्या चालकाला १० तासांहून जास्त गाडी चालवता येत नाही आणि ड्युटीचीही मर्यादा आहे. आपल्याला तसं कुणी अडवत नाही, आणि आपण "कॉफी घेतली की होईल" म्हणत निघतो.

पण बस म्हणजे वादळावरचा उतारा नव्हे. नोव्हेंबर २०१४ मध्ये बफेलोजवळच्या महामार्गावर नायगरा विद्यापीठाच्या मुलींचा बास्केटबॉल संघ पिट्सबर्गहून परतताना बसमध्येच सुमारे तीस तास अडकला होता. आणि मोठ्या वादळात राज्य कधीकधी ट्रकसोबत बसलाही महामार्गावर बंदी घालतं. तेव्हा छोटी गाडी जाऊ शकते, बस नाही, आणि आगाऊ भरलेले पैसे गेलेले असतात. बारा जणींसाठी बस महागच पडते. शेजारच्या कॉलेजशी भागीदारी जमली तर जरूर करा.

मुलांनी आपापल्या गाड्यांनी जायचं, या चौथ्या पर्यायावर फार लिहीत नाही. एकोणीस वर्षांचा चालक, आईची जुनी सेडान, विमा घरच्यांच्या नावावर. थंडीत नको.

आता प्रश्न आदल्या रात्रीच्या हॉटेलचा. अंतर दोन तासांच्या आत आणि इशारा नसेल तर पहाटे निघा. त्यापुढे हॉटेलचे पैसे वाचवू नका, बसपेक्षा स्वस्तच पडतं. हवामान खात्याचा 'वॉच', म्हणजे वादळाची शक्यता, आला तर शुक्रवारी दुपारीच निघायची तयारी ठेवायची. 'वॉर्निंग', म्हणजे वादळ येतंच आहे, आली आणि रस्ता टग हिलच्या बाजूचा असेल तर यजमानांना फोन करून सांगायचं की येत नाही.

आणि हे सांगणारी व्यक्ती गाडीतली नको. वर्षभर गुणांसाठी घोड्यावर बसलेल्या मुली आणि त्यांचा प्रशिक्षक, यांच्यात बसून मला 'नाही' म्हणता येत नाही. एकदा प्रयत्न केला, आवाजच निघाला नाही. म्हणून आमच्याकडे हा निर्णय घरी बसलेली विद्यापीठातल्या खात्याची बाई घेते, शुक्रवारी चारला आणि शनिवारी पहाटे चारला, आणि फोनवर वाद घालायचा नाही असं ठरलंय. मागच्या डिकीत फावडं, वाळूची पिशवी, ब्लँकेटं आणि चिवड्याचा डबा असतो. डबा परतताना रिकामा असतो, अडकलो नाही तरीही.