यूकेतलं चायना मास्टर्स, कोर्स संपत आल्यावर (जास्त करून डिक्टेशनबद्दल)

आधी डिक्टेशनचं बोलून घेतो, त्याशिवाय बाकीचं सुचणार नाही. एका वर्षाचा कोर्स, चायनीज कल्चर, भाषा आणि बिझनेस असं भलंमोठं नाव, फी पाउंडात, आणि दर आठवड्याला आम्हाला चौकटीच्या कागदावर हाताने चिनी अक्षरं लिहायला बसवतात, प्राथमिक शाळेतलं शुद्धलेखन जसं. मॅडम शब्द दोनदा म्हणणार, आपण लिहायचा, एक टिंब राहिलं की अर्धा मार्क गेला. अहो, खुद्द चीनमध्ये तरी आता हाताने कोण लिहितंय? मोबाईलवर पिनयिनमध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरांत, उच्चार टाइप करायचा, खाली यादी येते, त्यातलं अक्षर निवडायचं, संपलं. माझा फ्लॅटमेट चीनमधल्या चेंगडूचा. त्याला एक रोजच्या बोलण्यातला शब्द कागदावर लिहून दाखव म्हटलं तर गडी दोन रेघा ओढून थांबला आणि मोबाईल काढला. एचएसके, म्हणजे चिनी भाषेची अधिकृत परीक्षा सुद्धा कॉम्प्युटरवर दिली तर टाइप करून चालते. मग आमच्याच मार्कांत हे कशाला? फीडबॅक फॉर्ममध्ये लिहिलं, मीटिंगमध्ये बोललो, उत्तर काय तर "शैक्षणिक कारणं आहेत". असतील बाबा.

मी आधी चाकणला पर्चेसमध्ये होतो, चीनमधल्या निंगबो बंदरातून न्हावा शेवाला कंटेनर यायचे, मध्ये एजंट, आणि तो तिकडे काय बोलतो नि आपल्याला काय सांगतो याचा पत्ता लागायचा नाही, म्हणून हा उद्योग. भारतात जेएनयू आहे, शांतिनिकेतनचं चीना भवन तर 1937 पासूनचं आहे, आणि इथल्या मानाने खर्च किरकोळ, पण मला भाषेबरोबर धंदाही हवा होता आणि दोन वर्षं बिनपगारी काढणं परवडणारं नव्हतं. येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, व्हिसाबरोबर हेल्थ सरचार्ज वर्षाला 776 पाउंड वेगळा भरावा लागतो, कन्सल्टंट लोक फीचा आकडा सांगताना हा गिळून टाकतात.

बिझनेस मॉड्यूल शिळं. ईबे विरुद्ध ताओबाओ, तीन आठवडे. ताओबाओ ही चिनी ऑनलाइन खरेदीची साइट 2003 मध्ये आली, विकणाऱ्याकडून लिस्टिंगचे पैसे घेतले नाहीत, अलिपे या त्यांच्याच पेमेंट सेवेने माल हातात पडेपर्यंत पैसे मध्येच धरून ठेवायची सोय केली, आणि 2006 च्या शेवटी ईबेने चीनमधली साइट गुंडाळली. केस झकास आहे, वाद नाही, पण आमच्या जिन्यात रोज तेमू या स्वस्त चिनी शॉपिंग ॲपची पार्सलं पडलेली असतात आणि तेमूच्या मालक कंपनीवर, म्हणजे पीडीडीवर (आधीचं नाव पिनडुओडुओ), एक स्लाइड? तीही घाईत.

कल्चरचं मॉड्यूल मी टाइमपास धरून चाललो होतो आणि तेच सगळ्यात भारी निघालं. सरांनी एक क्लिप लावली, सप्टेंबर 2023 मधली. ली जियाची, लाइव्हवर लिपस्टिक विकून मोठा झालेला माणूस. बघणाऱ्या एकाने लिहिलं की आयब्रो पेन्सिल महाग होत चाललीये. किंमत 79 युआन, म्हणजे तेव्हाचे आपले नऊशेच्या आसपास. हा म्हणतो, महाग कुठेय, इतक्या वर्षांत तुमचा पगार वाढला का, नीट मेहनत केली का ते बघा. पब्लिक असं पेटलं की रडत माफी मागावी लागली. मग लोक गंमत म्हणून सगळ्याच गोष्टी 79 युआनच्या पटीत मोजायला लागले, आणि फंगह्वा नावाच्या जुन्या स्वस्त शाम्पूवाल्यांनी लगेच 79 युआनात बाटल्यांचा ढीग देणारं पॅकेज काढलं. सरांनी तिथे क्लिप थांबवून विचारलं, एका पेन्सिलीवरून एवढा राग का? त्याच वर्षी जूनमध्ये शहरांतल्या 16 ते 24 वयाच्या पोरांची बेरोजगारी 21.3 टक्के होती आणि ऑगस्टमध्ये सरकारने तो आकडा छापणंच बंद केलं, 2024 च्या जानेवारीत परत सुरू केला तो शिकणारी पोरं वगळून, साहजिकच कमी. हे ऐकल्यावर ती क्लिप परत बघितली तर वेगळीच दिसली. हे एक लेक्चर पैसे वसूल.

शांघायची ट्रिप कोर्समध्ये "समाविष्ट". राहणं समाविष्ट, विमान आणि व्हिसा आपल्या खिशातून. अलिपेला इथलं कार्ड जोडलं की 200 युआनपर्यंतच्या पेमेंटला फी नाही, वर गेलं की 3 टक्के लागतात, त्यामुळे मी जिथे जमेल तिथे बिल तुकड्यांत घ्यायला लावलं. काउंटरवरची मुलगी हसली, पण घेतलं. सोबतचे गोरे मित्र लाजत होते, लाजू दे.

तिथून मी एकटा ट्रेनने यीवूच्या होलसेल मार्केटला गेलो आणि तिथे डिक्टेशनबद्दलचं मत जरा हललं. एका बिजागरीवाल्याने कार्बन लावलेल्या पॅडवर ऑर्डरची चिठ्ठी खरडून दिली, कार्टन किती, ॲडव्हान्स किती, माल कधी. मोबाईलच्या कॅमेऱ्याने भाषांतर काढलं तर काहीच्या बाही आलं. पण मला बरंचसं लागलं. कारण घाईत लिहिताना रेघा एकमेकींत मिसळतात त्या ठरलेल्या क्रमानेच मिसळतात, आणि तो क्रम आमच्या बोटांत त्या वैतागलेल्या मॅडमनी घोटून घोटून बसवलेला. ॲडव्हान्स परत मिळणार नाही अशी ओळ खाली बारीक अक्षरात होती, तीही वाचली आणि तिथल्या तिथे खोडायला लावली.

म्हणून आता माझं म्हणणं एवढंच की शिकवा, पण मार्क कापू नका. पास-नापास ठेवा ना. टिंबासाठी अर्धा मार्क हे अजूनही डोक्यात जातं.

कोर्समध्ये कोणीच न सांगितलेली गोष्ट म्हणजे वीचॅट, चीनचं व्हॉट्सॲपच म्हणा. यीवूत सगळे कार्ड नाही, त्याचा क्यूआर पुढे करतात. पण आपल्याकडे जून 2020 च्या 59 ॲपच्या बंदीत वीचॅट गेलं, आणि तिकडे व्हॉट्सॲप व्हीपीएनशिवाय उघडत नाही. म्हणजे इथे बसून जोडलेले पुरवठादार पुण्यात गेल्यावर कसे टिकवायचे? मी प्रत्येकाचा ईमेल मागून घेतला, काहींनी वर्षानुवर्षं न उघडलेला दिला असणार.

ज्यांना फक्त भाषा पाहिजे त्यांनी एवढे पैसे घालू नयेत. इम्पोर्टमध्ये आहात आणि कंपनी अर्धी फी देत असेल तर बिनधास्त या. आणि ॲडमिशन घेताना फी हप्त्यांत चालते का ते स्वतःहून विचारा, आमच्याकडे चालत होती, पण विचारल्याशिवाय कोणी तोंड उघडलं नाही.